पोशाख कोणी शिवला, हेही छापले जावे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उत्सवांतील वेशभूषा स्पर्धांची छायाचित्रे आणि निकाल आपल्या दैनिकात आवर्जून प्रसिद्ध होतात, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. पऱ्या, वनराण्या, चेटकिणी, पंख लावलेले योद्धे अशा कल्पनासृष्टीतल्या व्यक्तिरेखांना वृत्तपत्रात जागा मिळते, ही आमच्यासारख्यांना खरोखर आनंदाची गोष्ट वाटते. मात्र छायाचित्राखाली पोशाख घालणाऱ्याचे नाव असते, व्यक्तिरेखेचे नाव असते, अनेकदा छायाचित्रकाराचेही नाव असते. तो पोशाख कोणी बेतला आणि कोणी शिवला, हे बहुधा कोठेच नसते. स्पर्धांच्या निकालातही तीच गत आहे. उत्कृष्ट वेशभूषेचे पारितोषिक दिले जाते तेव्हा ते अभिनयाला दिले, चेहऱ्याच्या रंगकामाला दिले, कल्पनेला दिले की शिवणकामाला, याचा उलगडा होत नाही. असे पोशाख मी स्वतः शिवते, आणि म्हणूनच आयोजकांकडे व आपल्याकडे एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. स्पर्धेत शिवणकामाचे परीक्षण स्वतंत्रपणे आणि जवळून व्हावे, आणि शिवणाऱ्याचे नाव जाहीर व्हावे, ही ती मागणी.

मागणीमागचे कारण समजण्यासाठी एका पायघोळ झग्यात काय काय असते ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पूर्ण वर्तुळाच्या घेराचा झगा घ्या, कारण परीच्या किंवा राणीच्या वेशाला तोच सर्वाधिक पसंत केला जातो. कंबर २८ इंच असेल तर मधले छिद्र सुमारे साडेचार इंच त्रिज्येचे काढावे लागते. त्यापुढे ४२ इंच लांबी धरली, तर खालच्या काठाचा परीघ २९२ इंच, म्हणजे जवळजवळ साडेसात मीटर भरतो. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात या वर्तुळाचा अर्धा भागसुद्धा एकसंध निघत नाही, त्यामुळे तुकडे जोडणे भाग पडते, आणि ते जोड घेराच्या लाटेत लपतील अशा जागी येण्यासाठी कापड बेतण्यापूर्वीच कागदावर सगळा हिशेब मांडावा लागतो. वर्तुळात काही ठिकाणी कापडाचा उभा धागा खाली येतो, काही ठिकाणी आडवा, आणि मधल्या सगळ्या भागात कापड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, पडते. उरेब भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू लांब होतो. म्हणून झगा शिवून झाल्यावर तो किमान एक दिवस, कापड जड असेल तर त्याहूनही अधिक काळ, नुसता टांगून ठेवावा लागतो. त्यानंतर तो घालणाऱ्या व्यक्तीला तिच्या त्या दिवशीच्या पादत्राणांसह उभे करून, जमिनीपासून सारख्या उंचीवर खुणा करत पूर्ण फेरी मारायची, वाढलेले कापड छाटायचे आणि मगच काठ दुमडायचा. हा काठ हाताने घातला आणि इंचाला फक्त ४ टाके धरले, तरी ११०० हून अधिक टाके होतात. ही पायरी गाळली तर झगा एका बाजूला जमिनीवर लोळतो आणि दुसऱ्या बाजूला घोट्याच्या वर जातो. नीट केली तर ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

चांगल्या शिवणकामाचा बराचसा भाग असाच न दिसणारा असतो. खांदे उघडे असलेल्या झग्याची चोळी अंगावर टिकते ती घट्टपणामुळे, असे अनेकांना वाटते. वास्तविक तिला आतून आधार असतो. शिवणींच्या बाजूने आतल्या अस्तराला बारीक नळीसारख्या पट्ट्या शिवून त्यांत पोलादाच्या किंवा प्लास्टिकच्या लवचिक कांड्या सरकवलेल्या असतात, त्यांची टोके टोचू नयेत म्हणून ती झाकलेली असतात, आणि कमरेशी न ताणली जाणारी ग्रोसग्रेनची (बारीक आडव्या रेघांच्या घट्ट विणीच्या फितीची) पट्टी चोळीला आतून टाचून ती स्वतंत्र हुकांनी बंद केलेली असते. झग्याचा सगळा भार ही पट्टी कमरेवर घेते. ती नसेल तर जाळीचे अनेक थर आणि वरचे साटीन यांचे वजन चोळीला खाली ओढत राहते, आणि घालणारी व्यक्ती संपूर्ण कार्यक्रमभर चोळी वर खेचत राहते. मंचाच्या दूरच्या टोकाला बसलेल्या परीक्षकाला मात्र ती व्यक्ती सहजपणे चालते आहे एवढेच दिसते, आणि त्या सहजपणाचे श्रेय सवयीला किंवा देहबोलीला दिले जाते.

कापडाची निवड हाही स्वतंत्र अभ्यास आहे. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेने ठेवली नाही, तर एकाच पोशाखात दोन वेगळ्या छटा दिसतात. शिवताना मखमलीचे दोन थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून मशीनवर घेण्याआधी जवळजवळ घातलेला हाताचा धावदोरा लागतोच. आणि तिला उजव्या बाजूने इस्त्री केली तर दबलेली लव पुन्हा पूर्ववत उभी राहीलच असे नाही. साटीनवर टाचणीचे भोक राहून जाते आणि उसवलेली टीप कायमची दिसते. त्यामुळे महागडे कापड कापण्यापूर्वी साध्या मांजरपाटाचा पूर्ण चाचणी पोशाख शिवून, अंगावर चढवून, मुंढा, गळा आणि कंबर तेथेच दुरुस्त करून घ्यावी लागते. थोडक्यात, एक झगा दोनदा शिवावा लागतो, आणि लोकांपुढे त्यातला एकच येतो. टिकल्यांच्या कापडात शिवणीच्या मायेतील, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडावरील, टिकल्या आधी एकेक करून काढाव्या लागतात, अन्यथा सुई मोडते आणि आत राहिलेली धार त्वचेला कापते. हे काम करताना वेळ कसा जातो ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

इतके सगळे असूनही बहुतेक स्पर्धांत प्रत्येक स्पर्धकाला मंचावर जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्या वेळात प्रखर दिव्यांखाली दुरून जे चमकते तेच उठून दिसते. तयार विकत घेतलेला, यंत्राने चिकटवलेल्या खड्यांचा पोशाख आणि महिनोन्‌महिने खपून हाताने मणी ओवलेला पोशाख त्या अंतरावरून सारखेच दिसतात. कित्येकदा विकतचा अधिक झळाळतो. यात परीक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना जवळून पाहण्याची सोयच करून दिलेली नसते. विकतचा वेश घालून येणाऱ्यांविषयीही माझ्या मनात कोणताही आकस नाही. उत्सव सगळ्यांचा आहे, आणि शिवण न येणाऱ्यानेही मनासारखे नटून यावे. त्यांच्यासाठी अभिनय आणि एकंदर परिणाम यांची पारितोषिके असावीत. परंतु ज्या पारितोषिकाच्या नावात वेश आहे, ते देताना वेश कसा घडला हे पाहिले गेलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शिवणाऱ्याचे नाव गळून पडण्याची ही गोष्ट जुनी आहे. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचे पोशाख घालून गेले होते. आज जगभरातल्या संमेलनांत आणि उत्सवांत कल्पनारम्य वेश करून जाण्याची जी हौस दिसते, तिचा आरंभ सांगताना या प्रसंगाचा दाखला हमखास दिला जातो. ते दोन्ही पोशाख डग्लस यांनी शिवले होते. तरीही पुढची अनेक दशके या प्रसंगाच्या आठवणींत अ‍ॅकरमन यांचेच नाव ठळकपणे घेतले गेले, आणि ज्या हातांनी कापड कापून, जोडून ती कल्पना अंगावर घालता येईल अशी केली, त्या हातांची दखल पुष्कळ उशिराने घेतली जाऊ लागली. अ‍ॅकरमन यांनी हे श्रेय हिरावून घेतले असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. जो पोशाख घालून समोर उभा असतो त्याचे नाव आपोआप टिकते, आणि शिवणाऱ्याचे नाव टिकावे यासाठी कोणीतरी ते लिहून ठेवावे लागते, एवढेच या उदाहरणावरून दिसते. ते लिहून ठेवण्याचे काम वृत्तपत्राइतके चांगले दुसरे कोण करू शकेल?

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्याच न्यू ऑर्लिन्स शहराचे आहे. तेथील मार्डी ग्रा उत्सवात कृष्णवर्णीय समाजातील ‘मार्डी ग्रा इंडियन’ (येथे ‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे, तर अमेरिकेचे मूळ रहिवासी) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या मण्यांनी आणि पिसांनी मढवलेले प्रचंड पोशाख घालून रस्त्यावर उतरतात. तेथे पोशाख स्वतः शिवणे हीच प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाते, आणि दर वर्षी नवा पोशाख शिवण्याचा दंडक आहे. एक उत्सव संपला की पुढच्या वर्षाच्या पोशाखाची सुई हातात घेतली जाते. तेथील एका टोळीचे प्रमुख अ‍ॅलिसन ‘टूटी’ मोंटाना हे व्यवसायाने इमारतींच्या भिंतींना गिलाव्यासाठी पट्ट्या ठोकणारे कारागीर होते. पण त्यांची कीर्ती झाली ती त्यांनी शिवलेल्या पोशाखांमुळे. टोळ्यांमधली जुनी मारामारीची चढाओढ मागे पडून पोशाखाच्या सौंदर्याची चढाओढ पुढे यावी, यात त्यांचा मोठा वाटा मानला जातो. १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्यांना पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय वारसा फेलोशिप दिली. शिवणकामाला कला म्हणून सार्वजनिक मान मिळू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

शिवणकामाचे परीक्षण कसे करावे, हेही नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. विज्ञानकथा संमेलनांतल्या वेशभूषा स्पर्धांत त्याची पद्धत केव्हाच रुळलेली आहे. मंचावर जाण्यापूर्वी पडद्यामागे, पुरेशा उजेडात, स्वतः शिवणकाम जाणणारे परीक्षक पोशाख हातात घेऊन पाहतात, तो उलटा करून शिवणी तपासतात, आणि हे का व कसे केले असे शिवणाऱ्याला विचारतात. हे परीक्षण सहसा ऐच्छिक असते. एखाद्याला फक्त भरतकाम किंवा फक्त पंखांची रचना दाखवायची असेल, तर तेवढ्याच भागाचे परीक्षण तो मागू शकतो. शिवाय नवशिके, काही अनुभव असलेले आणि निष्णात असे स्पर्धकांचे गट केलेले असतात, त्यामुळे पहिलाच झगा शिवणाऱ्या मुलीची बरोबरी आयुष्यभर शिवणाऱ्या व्यक्तीशी केली जात नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या प्रयत्नात सरळ बसलेली चेन आणि निष्णात कारागिराने न दिसेल अशी बसवलेली चेन, या दोन्हींचे कौतुक व्हावे, पण ते एकाच मोजपट्टीने होऊ नये.

हाताने केलेले म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे निघणारच, आणि त्यावर वाद घालण्यात बराच वेळ वाया जातो असा अनुभव आहे. शिलाई मशीन वापरले म्हणून काम हाताचे राहत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. मशीन टीप मारते, पण कापड कसे वळवायचे, कोठे सैल सोडायचे, कोठे खेचायचे हे हातच ठरवतो. फोमचे चिलखत तापवून, वाकवून, चिकटवून घडवणाऱ्याचे कामही तितकेच कष्टाचे असते, जरी त्यात एकही टाका नसला तरी. जुना तयार झगा घेऊन त्यावर नवे घडवणेही रास्त आहे. आवश्यक आहे तो प्रामाणिक खुलासा. प्रवेशपत्रासोबत एक साधा कागद असावा, ज्यावर कोणता भाग स्वतः केला, कोणता विकत घेतला, कोणत्या कामात कोणाची मदत झाली, हे चार ओळींत लिहिलेले असेल, आणि जमल्यास काम चालू असतानाची काही छायाचित्रे जोडलेली असतील. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे. पाच वर्षांच्या मुलाने अंगावर घातलेले ड्रॅगनचे खवले आईने, आजोबांनी किंवा मावशीने रात्री जागून शिवलेले असतात; मुलाला टाळ्या मिळाव्यातच, पण त्यांचेही नाव पुकारले जावे.

स्पर्धेचा विषय आणि नियम कधी जाहीर होतात, याचाही शिवणकामाच्या दर्जाशी थेट संबंध आहे. दोन आठवडे आधी विषय कळला तर मापे, चाचणी पोशाख, शिवण, टांगणे, काठ आणि मग भरतकाम हा क्रम पाळणे अशक्य होते, आणि माणूस नाइलाजाने तयार पोशाख शोधू लागतो. निदान तीन महिने आधी विषय जाहीर झाला, तर स्वतः शिवणाऱ्यांची संख्या निश्चित वाढेल, असे मला वाटते. त्याचबरोबर कपडे बदलण्याच्या जागी चांगला उजेड, पूर्ण उंचीचा आरसा आणि सुईदोरा, हूक, टाचण्या ठेवलेले एक दुरुस्तीचे टेबल एवढी व्यवस्था केली, तर गर्दीत पाय पडून काठ उसवला म्हणून कोणाला मागे फिरावे लागणार नाही.

येथे सुरक्षिततेविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑर्गंझा या पातळ, कडक, पारदर्शक कापडाची पाने किंवा पाकळ्या करताना आम्ही कापलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवतो. कृत्रिम धागा वितळून कड बंद होते, सुते निघत नाहीत आणि पान सुरेख वाकते. शिवणाच्या टेबलावर, ओले फडके आणि पाणी जवळ ठेवून केलेली ही युक्ती ज्या गुणामुळे साधते, तोच गुण गर्दीत घातक ठरतो, कारण हे कापड पेटले की वितळून त्वचेला चिकटते. सुती किंवा रेशमी जाळीही हवा खेळती असल्यामुळे भराभर पेटते. पॅरिसच्या ऑपेरात १८६२ मध्ये तालमीच्या वेळी एमा लिव्री या तरुण नर्तिकेच्या जाळीच्या घागऱ्याला गॅसच्या दिव्याची ज्योत लागली आणि भाजल्याने काही महिन्यांनी, १८६३ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्या काळी कापडाला अग्निरोधक द्रावणात बुडवण्याची प्रक्रिया उपलब्ध होती. पण त्यामुळे कापड कडक आणि मळकट दिसते म्हणून तिने तसा पोशाख घालण्यास नकार दिला होता. जाळीचे आणि पिसांचे पोशाख ज्या मंचावर येणार आहेत, त्याच्या आसपास उघडी ज्योत, मशाली आणि ठिणग्या उडवणारी दारू असू नये, हा नियम आयोजकांनी कोणतीही सवलत न देता पाळावा. शिवणकाम जाणणारा परीक्षक पडद्यामागे असेल, तर फार लांब शेपटीचा झगा जिन्यावर अडकेल किंवा पंखांची तार कोणाच्या डोळ्याला लागेल, हेही वेळीच लक्षात येईल.

आता आपल्या दैनिकाकडे वळते. छायाचित्राखालच्या ओळीत ‘शिवणकाम’ असा शब्द आणि त्यापुढे नाव, एवढीच जागा मी मागत आहे. आपल्या बातमीदारांनी स्पर्धकाला नाव आणि व्यक्तिरेखा विचारताना ‘हे कोणी शिवले’ हा एक प्रश्न अधिक विचारावा. उत्तर ‘विकत घेतले’ असे आले तर तसे छापण्यातही कमीपणा नाही. एखाद्या पोशाखाचे छायाचित्र समोरून घेतले असेल, तर आणखी एक छायाचित्र पाठीमागच्या नाड्यांचे, बाहीवरच्या भरतकामाचे किंवा आतल्या अस्तराचे घ्यावे. वाचकांना ते आवडेल याची मला खात्री आहे, कारण उत्सवात जेव्हा जेव्हा मी माझ्या झग्याची आतली बाजू कोणाला उलगडून दाखवते, तेव्हा आजूबाजूचे लोक गोळा होतात आणि कांड्या कोठे घातल्या, काठ इतका गोल कसा उभा राहिला, असे विचारू लागतात. काठात नायलॉनची कडक विणलेली पट्टी शिवलेली असते, पूर्वी ती घोड्याच्या केसांची विणत असत, हे सांगितले की त्यातल्या काही जणांना ती बोटांनी दाबून पाहावीशी वाटते. शिवण शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या मुलामुलीला याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही, आणि तो आपल्या दैनिकाच्या पानावरूनही देता येईल.

येत्या उत्सवाच्या बातम्यांपासून आपण हा पायंडा पाडावा, आणि आयोजकांपर्यंत ही सूचना पोहोचावी म्हणून हे पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात प्रसिद्ध करावे, ही नम्र विनंती. शिवणकामाच्या परीक्षणासाठी नियमांचा मसुदा करण्यास कोणी आयोजक तयार असतील, तर त्या कामी मदत करण्यास मी आणि माझ्याबरोबर शिवणारे स्नेही आनंदाने तयार आहोत.

कळावे,
आपली विश्वासू,
वेशभूषा शिवणारी एक वाचक